कस्तुर, कस्तुरबाई, बा

सुट्टीत तुम्ही आजी-आजोबांकडे पुण्याला गेलात, तर नगर रस्त्याने जाताना येरवड्याला एक मोठी पांढरी इमारत दिसते. तिचं नाव आगाखान पॅलेस. समोर हिरवळ आहे, उंच कमानी आहेत, लोक फोटो काढत असतात. इमारतीच्या मागच्या बाजूला बागेत दोन समाध्या आहेत. त्यांतली एक कस्तुरबा गांधींची. त्या या महालात पाहुण्या म्हणून आल्या नव्हत्या. त्या इथे कैदी होत्या, आणि कैदी असतानाच गेल्या.

या पाठात आपण त्यांची गोष्ट वाचणार आहोत. ती गोष्ट पोरबंदरला सुरू होते आणि पुण्यात संपते, पण तिचा फार मोठा भाग घडतो तो आफ्रिकेत.

पोरबंदर हे गुजरातमधलं समुद्राकाठचं गाव. दोह्याच्या कॉर्निशवर आपण लाकडी धो पाहतो ना, तशीच गलबतं तिथून आफ्रिकेला आणि अरबस्तानाला जात. कस्तुरचे वडील गोकुळदास कपाडिया हे तिथले व्यापारी होते. कस्तुरचा जन्म 1869 सालच्या एप्रिल महिन्यातला. त्याच गावात, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तिथल्या दिवाणांच्या घरात मोहन जन्मला. म्हणजे नवरा बायकोपेक्षा काही महिन्यांनी लहान होता, बरं का!

दोघं सात वर्षांची असताना त्यांचं लग्न ठरलं आणि तेरा वर्षांची असताना झालंही. आज हे वाचून तुम्हाला धक्का बसेल. बसायलाच हवा. तेव्हा मात्र तशीच पद्धत होती. खर्च वाचावा म्हणून मोहनचं, त्याच्या मोठ्या भावाचं आणि एका चुलत भावाचं अशी तीन लग्नं एकाच मांडवात उरकली. मोहनला नवे कपडे, वाजंत्री आणि गोडधोड यांचीच जास्त मजा वाटली होती, असं त्याने पुढे मोठेपणी लिहून ठेवलं.

लग्न झालं आणि तेरा वर्षांच्या मोहनला वाटू लागलं की आपण आता नवरा झालो, तर हुकूम सोडायला हवेत. आपल्याला विचारल्याशिवाय कस्तुरने घराबाहेर जायचं नाही, असा त्याने नियम केला. कस्तुर भांडली नाही, रडलीही नाही. तिला देवळात जायचं असलं की ती सरळ जाई, मैत्रिणींकडे जायचं असलं की तिकडेही जाई. मोहन चिडायचा, अबोला धरायचा, पण नियम काही टिकला नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली. कस्तुरला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काळात मुलींना शाळेत घालत नसत. मोहनने तिला शिकवायचा प्रयत्न केला. पण दिवसा मोठ्या माणसांसमोर नवरा-बायकोने बोलणंसुद्धा चालत नसे आणि रात्री शिकणारी दमलेली असे. शिक्षण अर्धवट राहिलं. पुढे त्यांना साधं गुजराती थोडंफार वाचता-लिहिता येऊ लागलं, तेवढंच.

म्हणून एक अडचण होते. कस्तुरबांबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्या नवऱ्याने लिहिलेलं आहे. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं नाही. तेव्हा हा पाठ वाचताना मधूनमधून थांबा आणि स्वतःला विचारा, की हाच प्रसंग बांनी लिहिला असता, तर कसा लिहिला असता?

कस्तुर सोळा वर्षांची असताना तिचं पहिलं बाळ जन्मलं आणि थोड्याच दिवसांत गेलं. 1888 साली हरिलाल झाला. त्याच वर्षी मोहन बॅरिस्टर, म्हणजे मोठा वकील, व्हायला विलायतेला गेला. तीन वर्षांनी परत आला. मग मणिलालचा जन्म झाला, आणि 1893 साली नवरा पुन्हा निघाला, या वेळी दक्षिण आफ्रिकेला. एका वर्षाचं काम आहे, असं सांगून गेला होता. तो आला तीन वर्षांनी. लग्नाच्या पहिल्या चौदा वर्षांत ही दोघं एकत्र राहिली त्याहून वेगळी राहिली असतील फार. तुमच्यापैकी कुणाचे बाबा आधी एकटेच कतारला आले असतील आणि आई मुलांना घेऊन मागून आली असेल, तर हे तुम्हाला ऐकून माहीत असेल.

1896 च्या अखेरीस कस्तुरबाई दोन मुलांना आणि एका भाच्याला घेऊन नवऱ्याबरोबर मुंबईहून बोटीत बसल्या. (इथून पुढे आपण कस्तुरला ‘ती’ न म्हणता ‘त्या’ म्हणू. मराठीत माणूस मोठं झालं की सर्वनामसुद्धा बदलतं.) बोटीचं नाव कुर्लंड. आज अल हिलालमधून विमानतळावर गेलं की चारेक तासांत माणूस मुंबईत असतो. तेव्हा मुंबईहून दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनला जायला अठरा दिवस लागत. वाटेत मोठं वादळ झालं. शिवाय गांधींनी घरच्यांना नवा वेश घालायला लावला होता, कस्तुरबाईंना पारशी पद्धतीची साडी आणि सगळ्यांना बूट-मोजे. मोजे घामाने भिजत, बुटांनी पाय दुखत, काट्या-चमच्यांनी जेवताना फजिती होई. सगळ्यांना हे नकोसं झालं होतं, पण बॅरिस्टरसाहेबांना वाटत होतं की त्याशिवाय आपल्याला कुणी मान देणार नाही. काही वर्षांनी त्यांनी स्वतःच हे सगळं सोडून दिलं.

डरबनला बोट पोचली, पण कुणाला उतरू देईनात. मुंबईत प्लेगची साथ होती, म्हणून बोट तेवीस दिवस बंदराबाहेर अडवून ठेवली. कोविडमध्ये क्वारंटाईन हा शब्द आपण सगळेच शिकलो. तोच प्रकार. पण खरं कारण निराळं होतं. तिथल्या गोऱ्या लोकांना आणखी हिंदी माणसं आपल्या देशात नको होती, आणि गांधी तर मुळीच नको होते. शेवटी जानेवारी 1897 मध्ये उतरायची परवानगी मिळाली. कस्तुरबाईंना तेव्हा दिवस गेले होते. त्यांना आणि मुलांना गाडीत बसवून पारसी रुस्तुमजी नावाच्या मित्राच्या घरी पुढे पाठवलं. गांधी मागून चालत आले, तर रस्त्यात जमावाने त्यांना दगड, अंडी आणि लाथा मारल्या. पोलीस अधिकाऱ्याची बायको आपली छत्री उघडून मध्ये उभी राहिली, म्हणून जीव वाचला. रात्री त्या जमावाने रुस्तुमजींच्या घराला वेढा घातला. गांधी शिपायाच्या वेशात मागच्या वाटेने निसटले. कस्तुरबाई मुलांना घेऊन घरातच होत्या. परक्या देशातली त्यांची ही पहिली रात्र. तिचं वर्णन त्यांनी लिहिलं असतं तर!

डरबनमध्ये गांधींच्या घरी त्यांच्या ऑफिसातले कारकूनही राहत. घरात नळाचं पाणी वाहून नेणारी मोरी नव्हती. प्रत्येक खोलीत रात्रीसाठी एक भांडं असे आणि सकाळी ते नवरा-बायकोपैकी कुणीतरी साफ करायचं, असा गांधींचा नियम होता. एक नवा कारकून ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत अशा घरातला होता. त्याचं भांडं उचलणं कस्तुरबाईंना जड गेलं. लहानपणापासून सोवळं-ओवळं पाळायची सवय त्यांना होती आणि ती चुकीची होती. त्यांनी भांडं उचललं, पण रडत रडत. गांधींना ते हसत उचललेलं हवं होतं. ते इतके संतापले, की त्यांनी बायकोचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेलं आणि घराबाहेर काढायला निघाले. तेव्हा कस्तुरबाईंनी त्यांना लाज वाटायला लावली. इथे माझे आई-बाप नाहीत, नातेवाईक नाहीत, मी जायचं कुठे, असं त्यांनी विचारलं आणि फाटक लावून घ्यायला सांगितलं. गांधी ओशाळले. ही गोष्ट त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात स्वतःच छापली. मला वाटतं, या प्रसंगात दोघंही चुकले, पण आपली चूक आधी कळली ती गांधींना, आणि कळवून दिली ती कस्तुरबाईंनी.

1901 साली हे कुटुंब भारतात परतायला निघालं, तेव्हा तिथल्या हिंदी लोकांनी भरपूर भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबाईंसाठी एक सोन्याचा हार होता. गांधींनी रात्रभर विचार केला आणि ठरवलं, की हे सगळं लोकांच्या कामासाठी ट्रस्टला देऊन टाकायचं. मुलांना त्यांनी आधीच आपल्या बाजूला वळवून घेतलं होतं. कस्तुरबाईंनी मात्र कडाडून वाद घातला. हार त्यांना स्वतःला मिरवायला नको होता, येणाऱ्या सुनांसाठी हवा होता. आणि त्यांचा मुद्दाही बिनतोड होता. तुम्ही लोकांची सेवा केलीत, पण तुमच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी रात्रंदिवस मी राबले, मग ती सेवा माझी नाही का? या प्रश्नाला गांधींकडे उत्तर नव्हतं. हार मात्र गेला तो गेलाच.

पुढच्याच वर्षी गांधींना पुन्हा आफ्रिकेला बोलावणं आलं आणि काही काळाने कस्तुरबाईही मुलांना घेऊन गेल्या. डरबनजवळ फिनिक्स नावाच्या ठिकाणी गांधींनी एक वसाहत उभी केली होती. तिथे शेती होती, छापखाना होता आणि सगळी कामं सगळ्यांनी करायची पद्धत होती.

आता येतो 1913 सालचा प्रसंग. हा भाग सावकाश वाचा.

त्या वर्षी मार्च महिन्यात तिथल्या केप प्रांतातल्या न्यायाधीशांनी एक निकाल दिला. न्यायाधीशांचं नाव सर्ल. ख्रिस्ती पद्धतीने झालेलं नाही आणि सरकारी कचेरीत नोंदलेलंही नाही, असं लग्न इथला कायदा मानत नाही, असा त्या निकालाचा अर्थ निघाला. विचार करा. हिंदू, मुसलमान, पारशी कुटुंबांमध्ये सात फेरे किंवा निकाह होऊन संसार चालू होते. एका निकालाने त्या सगळ्या बायका कायद्याच्या नजरेत बायका राहिल्या नाहीत. त्यांच्या मुलांचा वडिलांच्या घरादारावर हक्क राहिला नाही. नवरा तिथे कामाला असला, तरी बायकोला भारतातून बोलावून घेता येईल की नाही, याची खात्री राहिली नाही.

आपल्याकडे कागदाचं महत्त्व सगळ्यांना माहीत आहे. फॅमिली व्हिसासाठी लग्नाचा दाखला लागतो, त्यावर शिक्के लागतात, मग दूतावासात जावं लागतं. तो दाखला मिळाला की काम होतं. इथे मात्र त्यांचं लग्न मुळात लग्नच नाही, असं सांगितलं जात होतं.

कस्तुरबाईंच्या लग्नाला तेव्हा तीस वर्षं झाली होती आणि त्यांना चार मुलगे होते.

त्या लढ्यात कशा उतरल्या, याच्या दोन हकिकती सांगतात. एकीत गांधी स्वयंपाकघरात येऊन त्यांना थट्टेने सांगतात की तू आता माझी बायको राहिली नाहीस, आणि मग बोलता बोलता तुरुंगाची गोष्ट निघते. दुसरी हकिकत गांधींनी स्वतः लिहिली आहे. ते फिनिक्समधल्या दुसऱ्या बायकांशी तुरुंगात जाण्याबद्दल बोलत होते. बायकोला त्यांनी मुद्दाम विचारलं नव्हतं, कारण आपण सांगितलं म्हणून ती आली आणि तिथे घाबरली तर काय, अशी त्यांना भीती होती. कस्तुरबाईंनी ते बोलणं ऐकलं आणि जाब विचारला. माझ्यात असं काय कमी आहे, की मला वगळलंत? मला ही दुसरी हकिकत जास्त खरी वाटते. देवळात जायला परवानगी न मागणारी कस्तुर तिच्यात ओळखू येते.

सप्टेंबर 1913 मध्ये फिनिक्सहून सोळा जणांची तुकडी निघाली. तिच्यात चार बायका होत्या, आणि कस्तुरबाईंचा मुलगा रामदासही होता. परवान्याशिवाय ट्रान्सव्हाल प्रांताची हद्द ओलांडायची आणि अटक करवून घ्यायची, असा बेत होता. पोलिसांनी गांधींच्या घरची माणसं ओळखून सोडून देऊ नये, म्हणून कुणीही आपलं नाव सांगितलं नाही. फोक्सरस्ट नावाच्या गावी त्यांना पकडलं आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. सक्तमजुरी म्हणजे तुरुंगात काम करावं लागणारी शिक्षा. पीटरमॅरिट्झबर्गच्या तुरुंगात या बायकांना कपडे धुवायचं काम दिलं. खाणं वाईट होतं. कस्तुरबाई तेव्हा फक्त फळं खात होत्या आणि तुरुंगवाले फळं देईनात. त्यांनी अन्न घ्यायचंच बंद केलं. काही दिवसांनी थोडी फळं मिळू लागली, पण ती पोट भरण्याएवढी नव्हती. डिसेंबरमध्ये सुटल्या तेव्हा त्या इतक्या वाळल्या होत्या, की लोकांना त्यांच्याकडे बघवेना.

त्या आत असताना बाहेर खूप काही घडलं. बायका तुरुंगात गेल्याचं ऐकून कोळशाच्या खाणीतल्या हजारो हिंदी मजुरांनी काम बंद केलं आणि ते मोर्चात निघाले. त्यांच्यावर माणशी तीन पौंडांचा एक जाचक करही होता. 1914 साली सरकारने नवा कायदा केला, तो कर गेला आणि हिंदी लोकांची लग्नं मानली गेली. वळिअम्मा नावाची एक तमिळ मुलगी याच लढ्यात तुरुंगात आजारी पडली आणि सुटल्यावर लगेच वारली. ती सोळा वर्षांची होती. तिचं नावही लक्षात ठेवा.

जानेवारी 1915 मध्ये गांधी पती-पत्नी मुंबईला, अपोलो बंदरावर उतरले. आता कस्तुरबाईंना सगळे ‘बा’ म्हणू लागले होते. गुजरातीत बा म्हणजे आई. अहमदाबादच्या आश्रमात एक अस्पृश्य मानलेलं कुटुंब राहायला आलं, तेव्हा बांना ते सुरुवातीला पटलं नाही. जुनं सोवळं अजून मनातून गेलं नव्हतं. पण त्याच कुटुंबातली छोटी लक्ष्मी पुढे आश्रमात गांधी दांपत्याची मुलगी म्हणून वाढली.

1917 साली गांधी बिहारमध्ये चंपारणला नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी लढत होते. तिथल्या खेड्यांत शाळा काढायच्या होत्या आणि शिकवायला माणसं हवी होती. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती गेले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या. म्हणजे आपल्या मराठी बायकांचाही त्या कामात हात होता. भितिहरवा नावाच्या गावाजवळच्या एका लहान खेड्यात काही बायका फार मळक्या साड्या नेसलेल्या दिसल्या. त्या कपडे का धूत नाहीत, हे विचारायला गांधींनी बांना पाठवलं. एका बाईने त्यांना आपल्या झोपडीत नेलं आणि सगळी झोपडी दाखवली. पेटी नाही, कपाट नाही, दुसरी साडीच नाही. अंगावरची धुवायला काढली तर नेसायचं काय? गांधी हा प्रसंग आयुष्यभर विसरले नाहीत. पण त्या झोपडीत बा शिरल्या होत्या, गांधी नव्हे.

1924 साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि गांधी त्याचे अध्यक्ष झाले. अध्यक्षांची बायको म्हणून बांना काय मिळालं? आश्रमाचं स्वयंपाकघर, सूतकताई आणि कडक नियम. 1929 साली कुणीतरी भेट दिलेले चार रुपये त्यांनी आश्रमात जमा केले नाहीत, तर गांधींनी त्यावर आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहून सगळ्या देशाला ते सांगितलं! मला हे आजही कठोर वाटतं.

आणि हरिलाल. मोठ्या मुलाचं वडिलांशी कधी पटलं नाही. तो घर सोडून गेला, दारूच्या नादी लागला. एकदा बा आणि गांधी आगगाडीने जात असताना कटनी स्टेशनवर गर्दीत हरिलाल आला. कपडे फाटलेले, दात पडलेले. सगळे गांधींचा जयजयकार करत होते, तो एकटा आईच्या नावाने ओरडत होता. त्याने खिशातून एक संत्रं काढून आईला दिलं आणि ते तिनेच खायचं, बापूंना द्यायचं नाही, असं बजावलं. गाडी सुटली, तेव्हा बांना आठवलं की आपल्या टोपलीत फळं होती आणि आपण त्याला एकही दिलं नाही. तोवर हरिलाल मागे राहिला होता.

9 ऑगस्ट 1942 ला पहाटे मुंबईत गांधींना अटक झाली. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा होती. त्यांच्या जागी मी बोलेन, असं बांनी सांगितलं. त्या सभेला निघाल्या आणि त्यांनाही अटक झाली. दोन दिवसांनी त्यांना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये आणलं. भोवती तारांचं कुंपण आणि पहारेकरी होते. चारच दिवसांनी, 15 ऑगस्टला, गांधींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच अचानक वारले. मुलासारखा माणूस डोळ्यांसमोर गेला. बागेत जिथे त्यांना अग्नी दिला, तिथे बा नेमाने जाऊन हात जोडत.

त्या कैदेत गांधींनी बांना पुन्हा शिकवायला घेतलं. विद्यार्थिनी सत्तरी ओलांडलेली! वाचन, भूगोल, थोडा इतिहास. बांनी लिहायला एक वही मागितली. गांधींनी सुटे कागद दिले आणि आधी अक्षर सुधारू दे, मग वही, असं सांगितलं. बांना ते लागलं. नंतर वही मिळाली, तरी त्यांनी ती वापरली नाही. कॅरम मात्र त्या आवडीने खेळत.

1943 च्या अखेरीस त्यांचं हृदय थकलं. डॉक्टर झाले, वैद्य झाले. धाकटा मुलगा देवदास याने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवलं. ते औषध तेव्हा अगदी नवं होतं. पण त्याची दर काही तासांनी टोचणी द्यावी लागणार होती, आणि शेवटच्या घडीला बांना असा त्रास देऊ नये, असं गांधी म्हणाले. मुलगा एकीकडे, नवरा दुसरीकडे. औषध दिलं गेलं नाही. ते द्यायला हवं होतं का, यावर लोक आजही वाद घालतात. तुमच्या वर्गातही घालून बघा.

22 फेब्रुवारी 1944 ला संध्याकाळी, महाशिवरात्रीच्या दिवशी, बांनी गांधींच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला. बासष्ट वर्षांचा संसार होता. गांधींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली. सरकारने अंत्ययात्रा बाहेर काढू दिली नाही, म्हणून महालाच्या आवारातच, महादेवभाईंच्या शेजारी, देवदासने त्यांना अग्नी दिला. चिता शांत होईपर्यंत गांधी तिथून उठले नाहीत. पुढे अस्थी गोळा करायला गेले, तेव्हा राखेत बांच्या हातातल्या काचेच्या पाच बांगड्या न फुटता मिळाल्या.

गांधी त्यानंतर अडीच महिन्यांनी, 6 मे ला, त्या महालातून सुटले. जाण्याआधी ते दोन्ही समाध्यांवर फुलं वाहून आले. 1969 साली आगाखानांनी ही इमारत भारताला देऊन टाकली. आता तिथे संग्रहालय आहे. गांधी आणि बा राहत त्या खोल्या तिथे बघता येतात, आणि मागच्या दाराने बाहेर पडलं की बाग लागते.